पाचव्या मजल्यावरचा सॅक्सोफोन

ए-४०२ काकू (रात्री १०:५२): पुन्हा तेच. कोण ते सगळ्यांना माहीत आहे, नाव घेत नाही. नातीचा उद्या गणिताचा पेपर आहे आणि डोक्यावर भोंगा चालू.

ए-१०४: ध्वनिप्रदूषण नियम, २०००. रात्री १० ते सकाळी ६. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल.

बी-५०३ काका: माफ करा वहिनी, लगेच कमी केला. पण भोंगा म्हणू नका हो. जीन ॲमन्स आहे तो, जॅझमधला सॅक्सोफोनवाला.

बी-४०३: आम्ही बरोबर खाली राहतो. पोरगं त्या आवाजात झोपलं होतं, ग्रुपच्या टिंगटिंगने उठलं.

बी-३०२: गणपतीत साडेअकरापर्यंत डीजे वाजला तेव्हा ४५ डेसिबल कुठे होते १०४?

ए-१०४: तो विषय मीटिंगमध्ये संपला आहे.

बी-३०२: संपला नाही, संपवला.

सी-६०१: काका, हे केनी जीसारखंच ना?

बी-५०३ काका: नाही गं. ते बहुतेक सोप्रानोवर वाजवतात, तो बारीक आवाजाचा सॅक्सोफोन; हा टेनर, भारदस्त. अल्बम 'बॉस टेनर'. १६ जून १९६० ला न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत एका दिवसात झाला. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स, ड्रम्सवर आर्ट टेलर, काँगावर रे बॅरेटो. सुरुवातीलाच संथ ब्लूज. ॲमन्स घाई करतच नाही. एक सूर लावतो, त्यावर रेंगाळतो, मग पुढे सरकतो. आणि 'माय रोमान्स'मध्ये सुराआधी त्याचा श्वास ऐकू येतो. आवाज बारीक केला की पहिला तो श्वासच जातो. म्हणून वाढवला होता, चूक माझी.

ए-१०४: रात्री १० ते सकाळी ६. पुन्हा टाकतोय, काहींनी वाचलेलं दिसत नाही.

बी-३०५: आत्ताच शोधलं. हा माणूस ड्रग्जच्या केसमध्ये आत होता! हे ऐकवायचं मुलांना?

बी-५०३ काका: होता. त्याच वर्षी सुटून आला आणि हे वाजवलं. १९६२ ते ६९ पुन्हा आत. १९७४ ला गेला, पन्नाशीसुद्धा गाठली नाही. हे सगळं माहीत असूनच ऐकतो मी.

सी-६०१: आमचे बाबा १९७८ च्या 'जॅझ यात्रा' महोत्सवाला गेले होते, इथे मुंबईत सनी रॉलिन्सचा सॅक्सोफोन ऐकलाय त्यांनी. अजून सांगतात.

बी-५०३ काका: बाबांना घेऊन या एकदा, प्लीज!!

सेक्रेटरी: कृपया विषय आवरा. उद्या टाकी साफ होणार आहे, ९ ते १२ पाणी नाही.

बी-३०२: हे आत्ता सांगताय?

ए-४०२ काकू: ५०३, भोंगा म्हणायला नको होतं मी. रागात लिहिलं. लावायचंच तर उद्या दुपारी लावा, नात शाळेत असते. खिडकी उघडी ठेवीन.

बी-५०३ काका: अडीचला लावतो वहिनी.

ए-१०४: दुपारी २ ते ४ सोसायटीत शांततेची वेळ आहे.

बी-३०२: १०४, झोपा आता.