टू-पोस्ट लिफ्ट जागेवर ठेवून गॅरेजला नवा दरवाजा कसा बसवावा?

प्रश्न (सांगली):
नमस्कार. आमच्या चारचाकी दुरुस्तीच्या गॅरेजचे नूतनीकरण चालू आहे. बाहेर उघडणारे जुने लोखंडी फाटक रस्त्यावर येत असल्याने ते काढायचे आहे. दरवाजाची जागा 12 फूट रुंद व 10 फूट उंच असून पत्र्याखाली 14 फूट उंची मिळते आणि गाडी उचलणाऱ्या दोन खांबी (टू-पोस्ट) लिफ्टचे खांब दरवाजापासून 9 फूट आत बोल्ट केलेले आहेत. फॅब्रिकेटरने छताखाली आडवा सरकणारा सेक्शनल (बिजागरीने जोडलेल्या आडव्या पट्ट्यांचा) दरवाजा सुचवला आहे; परंतु बोलेरो पूर्ण उचललेली असताना तो उघडेल का, याची काळजी वाटते. लिफ्ट हलवणे परवडणारे नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (मिरज):
आपली काळजी रास्त आहे. बोलेरोची उंची सहा फुटांहून थोडी जास्त आहे. चाके सहा फूट वर गेली की टप बारा फुटांच्या पुढे जातो, आणि गाडी तोंड आत करून चढवली तर तिचा सुमारे सात फूट भाग खांबांच्या मागे दरवाजाकडे राहतो. साध्या ट्रॅकवरचा सेक्शनल दरवाजा उघडल्यावर साधारण 11 फूट उंचीवर, दहा फुटांहून अधिक आत येऊन आडवा पडतो, म्हणजे तो थेट गाडीच्या मागच्या भागावर आदळेल. हाय-लिफ्ट ट्रॅक घेतला तर दरवाजा जागेच्या माथ्यापासून तीन फूट सरळ वर जाऊन मगच वळतो, पण मग दरवाजाचा भार तोलणाऱ्या शाफ्ट आणि स्प्रिंगला जेमतेम एक फूट उरतो आणि पत्र्याची कैची (छताचा आधार) आडवी आली तर तोही उरत नाही.

माझ्या मते आपल्याकडे रोलिंग शटरच योग्य, कारण त्याचा सगळा पसारा दरवाजाच्या माथ्यावर गुंडाळला जातो. मात्र रोल आत घेऊ नका. आत तो दीड फूट पुढे येतो, आणि गाडीमागे उरलेल्या दोन फुटांतच बोलेरोचे स्टेपनी लावलेले, बाजूला उघडणारे मागचे दार उघडायचे आहे. गाडी पूर्ण उचलून मागच्या टोकापासून ओळंबा सोडा, जमिनीवर खूण करा आणि मगच फॅब्रिकेटरला माप द्या.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. रोल बाहेर घेतल्यास पावसाचे काय? आणि शटर हाताने ओढता येईल का?

उत्तर (सातारा):
रोलवर पत्र्याचे हूड कव्हर आणि त्यावर उताराचा छज्जा घ्यावा. क्षेत्रफळ सुमारे 11 चौरस मीटर होते, त्यामुळे रोज हाताने ओढण्याऐवजी चेन-गिअर (साखळी ओढून शटर फिरवणारे गिअर) बरे. मोटर घेतलीच तर वीज गेल्यावर चालवायला हातचेन असलेली घ्यावी. 2019 आणि 2021 चा पूर आपण पाहिला आहे, म्हणून कंट्रोल बॉक्स आणि मेन स्विच शक्य तितके वर बसवावेत.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. उंबऱ्यासाठी कोबा फोडताना खांबांजवळ ब्रेकर अजिबात चालवू देऊ नका. लिफ्टचे खांब जमिनीला धरून ठेवणाऱ्या अँकर बोल्टची पकड सभोवतालच्या अखंड काँक्रीटवरच असते. उंबऱ्यापाशी कटरने रेघ मारून काम करावे, आणि काम संपल्यावर प्रत्येक बोल्ट लिफ्टच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) तपासल्याशिवाय गाडी उचलू नये.