रबरी टेंडरला ६ एचपी की ९.८? बेलापूर खाडी, तीन माणसं, उधाणाची ओहोटी

शिडवाली_नेरूळ

नमस्कार मंडळी. माझी आणि धाकट्या भावाची मिळून २४ फुटी जुनी शिडाची बोट आहे. पावसाळा संपला की ती बेलापूरला पनवेल खाडीत नांगरावर असते, मे अखेरीला बाहेर काढतो. जेट्टीवरून तिच्यापर्यंत जायला २.७ मीटरची रबरी टेंडर, म्हणजे ने-आण करणारी छोटी होडी आहे, तळाला हवेची चटई असलेली. अंतर जेमतेम एक किलोमीटर, पण बोट जेट्टीच्या खाली, खाडीच्या तोंडाकडे आहे. म्हणजे ओहोटी लागली की परतताना पाणी थेट अंगावर येतं.

सध्या मागे अडीच एचपीचं फोर स्ट्रोक आहे. एकटी असले तर छान चालतं. पण मी, भाऊ आणि बारा वर्षांचा भाचा असे तिघं, बरोबर पिण्याच्या पाण्याचे कॅन आणि ओल्या शिडाची पिशवी, की पौर्णिमेच्या आसपास दुपारी चारला निघून अर्धा अर्धा तास जेट्टी जवळच येत नाही. मागे एकदा पंख्यात प्लास्टिक अडकून इंजिन बंद पडलं आणि ते सोडवेपर्यंत धारेने आम्हाला पार बोटीच्याही खाली नेलं. भाचा गप्प बसून होता. त्या संध्याकाळी ठरवलं की पुढच्या हंगामाआधी मोठं इंजिन घ्यायचंच.

टेंडरच्या मागच्या फळीवर पाटी आहे: जास्तीत जास्त १० एचपी. भाऊ म्हणतो, मग ९.८ च घे. मला ६ बरं वाटतं, कारण इंजिन मोठ्या बोटीवर चढवून ठेवायचं काम माझ्याकडे असतं. फळीची उंची मोजली, १५ इंच. माणसांचं वजन साधारण ८२, ६० आणि ३८ किलो, टेंडर ३४ किलो, सामान वीसेक किलो. तुम्ही काय घ्याल?

पामबीच_राइडर

९.८ घ्या आणि विषय संपवा. पाटी १० म्हणते ना? मोठं इंजिन अर्ध्या रेसवर चालतं, आवाज कमी, ताण कमी. टेंडर पाण्यावर उचलली की ओहोटी वगैरे काही जाणवत नाही, एक किलोमीटर तीन-चार मिनिटांत. छोट्या इंजिनावर एकदा खर्च झाला, आता परत मधलंच घेतलंत तर दोन वर्षांनी तिसरं घ्यावं लागेल. भावाचं बरोबर आहे.

चेंदणीकर

ताई, मी जहाजावर इंजिनरूममध्ये नोकरी केली, निवृत्तीनंतर ठाण्यात ओळखीच्या लोकांची छोटी आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर लावायची इंजिनं बघतो. तुम्ही वजनं दिलीत हे फार चांगलं केलंत. लोक फक्त बोटीची लांबी सांगतात आणि एचपी विचारतात, त्यातून काही ठरत नाही.

आधी अडीचवर घडतं काय ते बघा. पाणी कापत चालणाऱ्या कुठल्याही होडीला तिच्या पाण्यातल्या लांबीप्रमाणे वेगाची मर्यादा असते. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणायचं. तुमची टेंडर पाण्यात साधारण ८ फूट धरली तर येतात पावणेचार नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). अडीचचं इंजिन तिघांना घेऊन जेमतेम तिथवर पोचतं. उधाणाच्या ओहोटीला धार अडीच नॉटची धरली तर जेट्टीच्या दिशेने हातात उरतो सव्वा नॉट, म्हणजे ताशी सव्वादोन किलोमीटर. एक किलोमीटरला पंचवीसेक मिनिटं, समोरून वारा असला तर आणखी. तुमचा अर्धा तास तिथे जातो. इंजिनात बिघाड नाही.

ही मर्यादा ओलांडायची तर बोट पाण्यावर उचलून धावली पाहिजे, ज्याला प्लेनिंग म्हणतात. हवेच्या तळाच्या छोट्या टेंडरला त्यासाठी मी दर एचपीमागे एकूण २५ किलोच्या आत वजन धरतो. आता तुमचे आकडे मांडू. ६ एचपी इंजिन २६ किलो, टाकी आणि पेट्रोल १०, त्यात बाकीचं मिळवून २७० किलो. भागिले ६, म्हणजे एचपीमागे ४५. उचलायचं नाव नको. ९.८ चं इंजिन ३७ किलो, एकूण होतात २८१, एचपीमागे २८ च्या पुढे. म्हणजे राइडरभाऊ म्हणतात तशी ती तिघांना घेऊन अर्ध्या रेसवर उचलणार नाही. पूर्ण रेसला, भाच्याला नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला बसवून, पाणी सपाट असेल तर कदाचित उचलेल. तुम्ही एकट्या असाल तेव्हा मात्र ती सुसाट जाईल, आणि त्या वेळी तुम्हाला वेगाची गरजच नसते. शिवाय रिकाम्या हलक्या टेंडरच्या मागच्या टोकाला ३७ किलो आणि त्यावर तुम्ही, अशी समोरून जोराचा वारा आला तर नाळ वर उचलून उलटण्याची भीती खरी असते.

मग ६ चा उपयोग काय? तिघांना घेऊन ती पाण्यात नाळ थोडी वर करून, मागे मोठी लाट सोडत पाच नॉटच्या आसपास जाईल. अडीचपेक्षा सव्वा नॉटच जास्त, ऐकायला काहीच नाही. पण ओहोटीचे अडीच वजा केले की सव्वाच्या जागी अडीच उरतात. जेट्टीकडे सरकायचा वेग दुप्पट झाला. पंचवीस मिनिटांची वाट तेरा मिनिटांवर आली. धारेविरुद्ध जाताना वरच्या त्या थोड्याशा वेगालाच सगळी किंमत आहे, आणि ती तुम्हाला ११ किलो जास्त न उचलता मिळते.

वजनाबद्दल मी हट्टाने बोलतो, कारण हलणाऱ्या रबरी तळावर उभं राहून इंजिन दोन हातांनी वर मोठ्या बोटीच्या कठड्यावर द्यायचं, हे काम कंबरेवर आणि बोटांवर येतं. २६ किलो दोघांत नीट जातं. ३७ किलोला कप्पी-दोरी लावलेला छोटा दांडा हवाच. तो बसवायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

खरेदीला जाल तेव्हा तोहात्सूची ४, ५ आणि ६ एचपी एकाच १२३ सीसी ब्लॉकवर बनतात, वजन तेच, म्हणून ४ घेण्यात अर्थ नाही. सुझुकीचं ६ एचपीही साधारण याच वजनाचं आहे. जवळ ज्याचा माणूस आणि सुटे भाग मिळतात ते घ्या. शाफ्ट शॉर्टच, १५ इंच. पंख्यावरची आडवी पट्टी टेंडरच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी, वर राहिली तर पंखा हवा ओढतो. पंखा मात्र विचारून घ्या: दुकानात ८ इंच पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जेवढं पुढे सरकेल ते अंतर) लावून देतात, तुम्ही ७ चा मागा. ओझ्यासाठी कमी पिच. पूर्ण रेसला फेऱ्या मॅन्युअलमधल्या पट्ट्यात आल्या पाहिजेत, तोहात्सूच्या ६ ला तो ५००० ते ६००० आहे. ओझ्याने फेऱ्या त्याखाली राहत असतील तर इंजिन गुदमरतंय.

आणि अडीच विकू नका. पंख्यात काही अडकलं तर दुसरं इंजिन मोठ्या बोटीवर हाताशी असू दे. टेंडरमध्ये वल्ही आणि छोटा नांगर दोरीसकट कायम ठेवा. त्या संध्याकाळी इंजिनाच्या आधी नांगर टाकायला हवा होता, जागेवर थांबून निवांत प्लास्टिक काढता आलं असतं.

शिडवाली_नेरूळ

काका, मनापासून आभार. एचपीमागे ४५ किलो हा आकडा भावाला वाचून दाखवला, तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बॅटरीवरचं इलेक्ट्रिक का नको? आणि माझी शंका पेट्रोलची आहे. हल्ली पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉल, आमच्या अडीचच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलंय.

चेंदणीकर

इलेक्ट्रिक टेंडरला सुरेख असतं, आवाज नाही, वास नाही. पण सहज उचलण्याजोगी इंजिनं एक किलोवॅटच्या आसपासची असतात आणि त्यांचा जोर तीन एचपी पेट्रोल इंजिनाइतका धरतात. सव्वा किलोवॅट-तासाची बॅटरी पूर्ण जोरात सव्वा तास. तुम्हाला हवा आहे धारेविरुद्ध जास्तीचा जोर, आणि तुम्ही होता तिथेच राहाल.

पेट्रोलचं असं की नुकसान मुख्यतः साचून राहिलेल्या पेट्रोलने होतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आपल्याकडे हवा दमट, पाणी कार्बोरेटरच्या वाटीत खाली बसतं आणि तिथलं बारीक जेट गंजतं, चिकटतं. म्हणून दर रविवारी काम संपलं की पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग वाटीचा तळाचा स्क्रू सैल करून उरलेलं डबीत काढा. टाकीत दोन आठवड्यांपेक्षा जुनं ठेवू नका, गाडीत ओतून टाका. टाकी आणि इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. रबरी नळ्या आणि हातपंपाचा फुगा मऊ पडले, चिकट लागले की लगेच बदला. नवीन इंजिन घेताना विक्रेत्याकडून वॉरंटीत इथेनॉलबद्दल काय म्हटलंय ते कागदावर घ्या, तोंडी नको. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात नोंद आहे ना तुमच्या बोटीची? टेंडरचं इंजिन बदलताना त्यांना विचारून घ्या.

दिवाळेकर

ताई, मी बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा, घरची होडी आहे. काकांनी इंजिनाचं सगळं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो.

पौर्णिमा-अमावस्येला आपल्याकडे भरती दुपारी बाराच्या सुमाराला असते आणि सुकती, म्हणजे पाणी पुरतं उतरण्याची वेळ, सहाच्या सुमाराला. पाणी सहा तास उतरतं पण सारखं उतरत नाही, सगळ्यात जास्त तिसऱ्या आणि चौथ्या तासात. म्हणजे दोन ते चार. तुम्ही निघता तेव्हाच धार पुरी जोरात असते. त्या दिवशी एक तर एकच्या आत या, नाहीतर जेवून-खाऊन साडेपाचनंतर या. सुकतीला पाणी थांबतं, पण मग जेट्टीच्या पायऱ्यांशी चिखल उघडा पडतो, म्हणून गमबूट ठेवा. घरची मोठी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मिनिटाला धरून चालायचं नाही, त्यासाठी भरतीचा तक्ता आहे, पण रविवार ठरवायला बरं पडतं. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचे, तेव्हा धार अर्धीही नसते.

आणखी एक. धारेविरुद्ध येताना मधल्या खोल पाण्यातून येऊ नका, तिथेच ती जास्त असते. काठाकडे सरका, पण चिखलाला पंखा लागणार नाही इतकं पाणी राखून. काठाला मारलेल्या जाळ्यांच्या काठ्या दिसल्या की बाहेरून जा. आमची जाळी तुटतात आणि तुमचा पंखा अडकतो.

इंजिनाच्या मागून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार पडते ती सारखी बघत राहा. आपल्या खाडीचं पाणी म्हणजे गाळच, भोक बुजायला वेळ लागत नाही. धार बारीक झाली की लगेच रेस कमी करा, बंद करून तारेने भोक मोकळं करा. घरी नेऊन दर वेळी गोड्या पाण्याच्या पिंपात पाच-दहा मिनिटं चालवा. आतला रबरी इंपेलर (हे पाणी खेचणारं चाक) दर पावसाळ्यात बदललेला बरा.

पामबीच_राइडर

वजनाचा हिशोब मी केला नव्हता, चेंदणीकर काकांचं पटतं. एकच भर घालतो: किल स्विचची (ओढली की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी हाताला बांधल्याशिवाय स्टार्ट नाही, आणि भाच्याला जॅकेट जेट्टीवरच घाला, टेंडरमध्ये बसल्यावर नाही. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीच्या फेरीबोटीला जी स्पीडबोट धडकली, तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती. आपलं सहाचं असलं तरी पहिली ट्रायल फेरीबोटींच्या वाटेवर नको.

शिडवाली_नेरूळ

ठरलं, ६ एचपी, शॉर्ट शाफ्ट, ७ चा पंखा. अडीच मोठ्या बोटीवर राहील. भाऊ म्हणतो खंडेनवमीला इंजिनाची पूजा करू आणि दसऱ्याला पहिली ट्रायल. दिवाळेकर दादा, दसरा चालेल का?

दिवाळेकर

दशमीची पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातच्या सुमाराला भरती, तीही भांगाची, त्यामुळे नऊपर्यंत धार नावालाच. साताला जेट्टीवर या. पहिला तासभर पूर्ण रेस देऊ नका, इंजिन नवीन आहे. तक्ता मात्र आदल्या रात्री बघा.