मोठ्या तंत्रकेंद्रांपासून दूर असलेल्या नव्या स्टार्टअपमधील नोकरी स्वीकारताना काय पाहावे?

प्रश्न

मी एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत बॅकएंडचे, म्हणजे वापरकर्त्याला न दिसणाऱ्या सर्व्हरकडील भागाचे, काम करते. मोठ्या तंत्रकेंद्रांपासून दूर, एका मध्यम शहरात नुकत्याच उभ्या राहिलेल्या छोट्या स्टार्टअपने मला नोकरी देऊ केली आहे. पगार सध्यापेक्षा कमी आहे, पण सोबत ईएसओपी (ठरलेल्या किमतीला कंपनीचे समभाग घेण्याचे विकल्प) मिळणार आहेत आणि काम मला मनापासून आवडले आहे. काळजी एवढीच की, कंपनी बंद पडली तर त्या भागात मला दुसरे काम मिळेल का? होकार देण्यापूर्वी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

सर्वप्रथम हातातील पैसा किती महिने पुरेल, हे संस्थापकांना स्पष्टपणे विचारा. शिल्लक रकमेला दरमहाच्या निव्वळ तुटीने भागले की हे उत्तर मिळते. त्यालाच रनवे म्हणतात. नवी गुंतवणूक उभी करण्यात कित्येक महिने सहज जातात. म्हणून रनवे वर्षभराहून कमी असेल, तर तुम्ही रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत संस्थापकांचे बहुतेक लक्ष निधी मिळवण्याकडे लागलेले असेल, हे गृहीत धरा. लहान शहरांतील कंपन्यांबाबत आणखी एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो: उत्पन्न किती ग्राहकांकडून येते? परिसरातील एकाच मोठ्या उद्योगावर किंवा एकाच सरकारी कंत्राटावर कंपनी चालत असेल, तर त्याचे एक देयक अडकले तरी पगार लांबतात. भारत आणि ब्रिटनसह अनेक देशांत खासगी कंपन्यांची वार्षिक विवरणपत्रे कोणालाही पाहता येतात. ती अवश्य पाहा.

प्रतिसाद २

ईएसओपीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण कमी पगाराची भरपाई म्हणून ते पुढे केले जातात आणि उमेदवार केवळ आकडा पाहून हरखून जातात. तुम्हाला मिळणारे दहा हजार समभाग एकूण एक लाखातील आहेत की एक कोटीतील, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला काहीच अर्थ नाही. सर्वसाधारणपणे हे विकल्प चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्काचे होतात आणि पहिले वर्ष पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास हाती काहीच लागत नाही. समभाग कोणत्या किमतीला घ्यावे लागतील आणि नोकरी सोडल्यावर ते घेण्यासाठी किती मुदत मिळेल, हेही लेखी मागून घ्या.

गुंतवणूकदारांच्या प्राधान्यहक्काकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. समजा, गुंतवणूकदारांनी आठ कोटी घातले आहेत, आपली रक्कम आधी परत घेण्याचा हक्क त्यांच्याकडे आहे आणि कंपनी दहा कोटींना विकली गेली. तर संस्थापक आणि कर्मचारी मिळून सर्वांच्या वाट्याला दोनच कोटी उरू शकतात. चेन्नईत २०१० साली सुरू झालेल्या फ्रेशवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या अनेक कर्मचाऱ्यांना समभागांतून मोठी संपत्ती मिळाली, हे खरे आहे. परंतु ती कंपनी नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारावर नोंदली जाण्यास २०२१ साल उजाडले. म्हणून माझे मत असे की, ईएसओपीचे मूल्य शून्य धरूनही पगार पुरत असेल तरच होकार द्यावा.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद कंपनीविषयी आहेत. तुमचा मूळ प्रश्न मात्र त्या भागाविषयी आहे. इंटरनेटवरून फोन करण्याच्या स्काइप या सेवेचे सॉफ्टवेअर एस्टोनियासारख्या चिमुकल्या देशात घडले. २००५ साली ईबेने ती कंपनी विकत घेतल्यानंतर तेथील अनुभवी मंडळींनी पुढे स्वतःच्या कंपन्या काढल्या. परदेशी पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या वाइज या कंपनीचे एक सहसंस्थापक हे स्काइपचे पहिले कर्मचारी होते. फिनलंडमधील ओउलू शहरात नोकियाने मोठी कपात केली, तेव्हा रेडिओ तंत्रज्ञान जाणणाऱ्या अभियंत्यांनी तेथेच नवे उद्योग उभारले. मात्र दोन्ही ठिकाणी अनुभवी माणसांचा साठा आधीपासून होता. तुमच्या शहरात त्याच क्षेत्रातील आणखी दोन-तीन कंपन्या किंवा एखादे चांगले तंत्रविद्यालय आहे का, हे पाहा. नसेल, तर कामाचे स्वरूप अधिकच तपासा. सर्वत्र वापरले जाणारे डेटाबेस आणि भाषा हाताळायला मिळणार असतील, तर दूरस्थ नोकरीचा मार्ग खुला राहतो. केवळ त्या कंपनीपुरत्या बनवलेल्या चौकटीत काम करावे लागणार असेल, तर तो अनुभव बाहेर फारसा उपयोगी पडत नाही. तुमचा कोड तपासणारे कोणी ज्येष्ठ तेथे आहे का, या प्रश्नाला मी रनवेपेक्षाही अधिक महत्त्व देईन.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. तेथे तंत्रप्रमुख अनुभवी आहेत आणि काम नेहमीच्याच साधनांवर आहे. रनवे आणि समभागांची एकूण संख्या मी ईमेलने विचारते. संस्थापकांना हे प्रश्न उद्धटपणाचे वाटतील का?

प्रतिसाद १

मुळीच नाही. गुंतवणूकदार याहून अवघड प्रश्न विचारतात आणि तुम्ही तर आपली उमेदीची वर्षे गुंतवणार आहात. उत्तर टाळले गेले, तर नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याशी बोलून पगार वेळेवर होत होते का, एवढे विचारून घ्या. ऑफर लेटरमधील नोटिशीची मुदत दोन्ही बाजूंना सारखी आहे की नाही, तेही सही करण्यापूर्वी वाचा.