जंगल कशाला म्हणायचं, हे सातबारा ठरवणार का?

गोरेगावकर: १९८८ चं राष्ट्रीय वनधोरण हे आपलं सर्वांत शहाणं धोरण, असं माझं ठाम मत आहे. १८९४ ला जंगल महसुलासाठी होतं, १९५२ ला उद्योग आणि संरक्षणाच्या लाकडासाठी. १९८८ ला पर्यावरणाचा समतोल पहिल्यांदा वर आला. पण धोरण कोर्टात बजावता येत नाही, कायदा येतो, आणि २०२३ च्या दुरुस्तीने १९८० चा वन संरक्षण कायदा सरकारी नोंदीपुरता आखडला. नोंद नसली की काय होतं ते गोरेगावच्या आरे कॉलनीतल्या झाडांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये पाहिलं. हायकोर्टाने आरेला वन मानलं नाही आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती सुरू झाल्या.

मुलुंडचा रहिवासी: नोंद नको, तर मग काय हवं? सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशाने शब्दकोशातल्या अर्थाचं जंगलही वन ठरवलं, मालक कुणीही असो. पण ठरवणार कोण? आमच्याकडे १९५० च्या दशकातल्या नोटिसा उकरून राहत्या इमारतींच्या जमिनीवर 'खाजगी वन' असा शेरा मारला. महापालिकेच्या परवानग्या हातात असूनही लोकांचे व्यवहार अडकले. सुटका झाली २०१४ ला, तीही सुप्रीम कोर्टात.

गोरेगावकर: तुमचा त्रास खरा आहे, पण तो राज्याच्या १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यातून आला. त्याचं खापर गोदावर्मनवर का? फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तोच व्यापक अर्थ तूर्त कायम ठेवलाय.

मुलुंडचा रहिवासी: तूर्तच ना? कायदा वेगळा असेल, पण खोड तीच. मोजणी न करता शेरा मारायचा आणि निस्तरायचं रहिवाशांनी.

आरेतल्या आदिवासी पाड्यावरून: तुम्ही दोघं कागदावर भांडताय, आम्ही त्या जमिनीवर राहतो. आरेतली ८१२ एकर राखीव वन झाली तेव्हा शहराने पेढे वाटले. राखीव म्हणजे १९२७ चा इंग्रजी कायदा! गुरं चारणं, लाकूड आणणं, सगळं गुन्ह्यात. २००६ च्या वनहक्क कायद्यात जुनी विहीर, दफनभूमी, देवाची जागा, म्हाताऱ्यांचा जबाब हे सगळं पुरावा म्हणून चालतं. पण दावा सुरू होतो ग्रामसभेपासून. महापालिकेच्या हद्दीत ती भरवायची जबाबदारी कुणाची?

मुलुंडचा रहिवासी: हा मुद्दा मला पटतो. आधी दावे निकाली काढा, मग हद्द आखा.

गोरेगावकर: दावे आधी, मान्य. पण तोवर एकही झाड पाडायची परवानगी देऊ नका. दावे रेंगाळले आणि मधल्या काळात जंगलच गेलं, तर पाड्याला हक्क कशावर मिळणार?