मेळघाटात वाघ सोडून काय पाह्यलं?

सागवान_परतवाडा
मेळघाटातून कोणीबी आलं का पहिला प्रश्न एकच, वाघ दिसला का. नाही म्हटलं का समोरचा असं तोंड करते जसं पेट्रोल वाया गेलं. 1974 पासून व्याघ्र प्रकल्प हाय, देशातल्या पहिल्या नवांतला, पण सातपुड्याच्या चढउतारात वाघ सहजासहजी दिसत नाही. त बाकीचं सांगा ना भौ.

धारणीकर
माही आजी मोह वेचाले जाये. मार्च-एप्रिलमधी फुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत टोपली भरली पाह्यजे, नाहीतर हरणं-डुकरं साफ करतात आन् अस्वल त आधीच येऊन बसलेलं. आजी कुऱ्हाडीचा दांडा झाडाले ठोकत, मोठ्यानं बोलत जाये, कारण अस्वलाले नजर कमी, वारा उलटा असला त वासबी लागत नाही, मंग एकदम जवळ गेलं का ते दचकून अंगावरच येते. वाघाचं तिले काई वाटे नाही, अस्वलाचं नाव काढलं का घाबरे बाप्पा! आन् फुलं दिसावी म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात ना, ते बंदच कराले पाह्यजे. आमच्याकडल्या बाया आता खराट्यानं झाडून घेतात, काई जण अजून ऐकत नाहीत, वणवा लागला का डोंगरच्या डोंगर जाते.

पिंगळा_अमरावती
मी जातो ते रानपिंगळ्यासाठी, छोटंसं घुबड आहे ते. 1884 नंतर कोणाला पक्का सापडलाच नव्हता, संपला असंच धरलं होतं, आणि 1997 ला शहाद्याजवळ सापडला, पुढं मेळघाटातही. बाकीची बहुतेक घुबडं रात्रीची, हा भाऊ दिवसाढवळ्या सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर बसून सरडे हेरतो. साध्या पिंगळ्याच्या टाळूवर भरपूर ठिपके असतात, याच्या जवळपास नाहीतच, तेवढं पाहा. ढोलीवाली जुनी झाडं राहिली तर हा राहील. एवढुश्या पाखरासाठी जिप्सी थांबवली की मागचे लोक वैतागतात, वैतागू दे.

बोरीवाला
बोरी, कोहा, कुंड ही गावं जंगलातून बाहेर आणली, तिथं आता गवताचं कुरण हाय. आंबे अजून उभे हायेत. काका दाखवत होते, इथं आपलं खळं होतं, आन् तिथंच सांबरं चरत होती. काका खुश होते का नव्हते, मले कळलं नाही, विचारलंबी नाही.

मचाणवाली
बुद्धपौर्णिमेला प्राणीगणनेसाठी पाणवठ्यावर मचाणावर बसले होते. बोलायचं नाही, सेंट नाही, टॉर्च नाही. सोबतचे एक काका अंधार पडताच घोरायला लागले, त्यांना कोपर मारण्यातच अर्धी रात्र गेली. मग रानगवे आले. अंग दिसेचना, चांदण्यात फक्त गुडघ्याखालचे पांढरे पाय चालत येताना दिसले, पाणी प्यायचा आवाज मात्र चांगला मोठा. सायाळ पण आली, काटे खुळखुळवत. काकांनी सकाळी सगळं पाहिल्यासारखं नोंदवून दिलं.

गुगामल
मले वाघ दिसला ना पण, कोलकासकडं. सांगू?

सागवान_परतवाडा
नको.

गुगामल
बरं मंग कोळसुनांचं, म्हणजे रानकुत्र्यांचं सांगतो. भुंकत नाहीत ते, शिट्टी मारतात, एक इकडून एक तिकडून, आन् सांबर नदीत उतरून उभं. सिपनाले गुडघाभर पाणी. आमचा ड्रायव्हर म्हणे चला, सेमाडोहची रबडी संपून जाईन.