मदत हवी आहे: नरकावरचा पाठ कोणत्या क्रमाने घ्यावा?
जय ख्रिस्त! नवापूरकडच्या तरुण गटासाठी नरक आणि इच्छास्वातंत्र्य यांवर पाठ बसवायचा आहे. बायबलमध्ये मत्तय 25:46 मध्ये सार्वकालिक शिक्षा, तर 10:28 मध्ये आत्मा व शरीर दोहोंचा नाश. लूक 16 मधल्या श्रीमंत आणि लाजराच्या गोष्टीतल्या श्रीमंतावरून नरकाचं वर्णन सांगितलं की घोटाळा होतो. तो श्रीमंत अधोलोकात, म्हणजे मेलेल्यांच्या जागी आहे, आणि प्रकटीकरण 20:14 प्रमाणे अधोलोकच अग्निसरोवरात, म्हणजे शेवटच्या शिक्षेच्या जागी, टाकला जातो.

खरी अडचण पुढे. 1 तीमथ्य 2:4 नुसार सर्वांचं तारण (पापातून सुटका) व्हावं ही देवाची इच्छा. मग माणसाचा नकार शेवटचा का ठरतो? रोमकरांस 9 (देव हवी त्याच्यावर दया करतो) आधी घेतला तर निवड उरतच नाही असं मुलं धरून बसतात, म्हणून अनुवाद या पुस्तकातल्या 30:19 (‘जीवन निवडून घे’) पासून सुरुवात बरी वाटते. बरोबर आहे का? आणि ज्यांचे आईवडील ख्रिस्ती नाहीत, त्या मुलांना हे कसं सांगावं?