बाळाला दूध पुरतंय, हे कशावरून ओळखायचं?

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात किती दूध गेलं, ते दिसत नाही. मग बाळ रडलं की 'दूध पुरत नाही' म्हणून वरचं दूध सुरू होतं. बाळं आणि बाळंतिणी जवळून पाहिलेल्यांनी पहिल्या तीन महिन्यांतल्या खात्रीच्या खुणा लिहाव्यात.

•

लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन एवढ्या पुरे. पाचव्या दिवसापासून मात्र चोवीस तासांत किमान ६ हव्यात, फिकट रंगाच्या. शी आधी काळी आणि डांबरासारखी चिकट, मग हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळ, दाणेदार. तेव्हाही काळीच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शूचे विटकरी डाग पहिले दोन दिवस चालतात, नंतर नाही.

डायपरमध्ये शू झाली की नाही ते कळत नसेल, तर कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे, म्हणजे ४५ मिली पाणी ओतून तो हातात धरून बघा. वजनाचा अंदाज येतो.

•

वजन आधी घटतं, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. ३ किलोचं बाळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी २८०० ग्रॅम भरलं तर ते नेहमीचंच. २७०० च्या खाली, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त घट झाली, तर डॉक्टरांकडून तपासणी हवीच. दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून यावं, पुढे रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ. पण रोज काट्यावर ठेवू नका. एका शूने किंवा एकदा पाजण्याने आकडा इतका हलतो की उगाच जीव टांगणीला लागतो. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, कपडे काढून.

•

वरच्या दोन्ही खुणा गडबडल्या तर आधी बाळाची पकड पाहा. दूध असतं, ते ओढलं जात नाही, असंच बहुतेक वेळा निघतं.

बाळाचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत, पोट आईच्या पोटाला टेकलेलं. स्तनाग्र बाळाच्या नाकासमोर ठेवा आणि जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडेपर्यंत थांबा. मग बाळाला स्तनाकडे आणा, स्तन बाळाकडे नाही. हनुवटी आधी टेकली पाहिजे. डोकं मागून दाबू नका, बाळ उलट मान मागे टाकतं. पकड नीट असेल तर खालचा ओठ बाहेर वळलेला असतो आणि स्तनाग्राभोवतीचा गडद भाग वरच्या ओठाकडे जास्त दिसतो.

पाजून झाल्यावर स्तनाग्र चपटं किंवा तिरकं दिसलं, तर ते बाळाच्या कडक टाळूवर घासतंय. पाजताना दुखतच राहिलं तर सोसू नका. तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. नुसतं ओढून काढलं की चिरा पडतात.

पान्हा फुटल्यावर एक-दोन ओढीमागे एक घोट ऐकू येतो. घोट नसेल तर बाळ नुसतं चोखतंय, मग अर्धा तास लावून ठेवलं तरी उपयोग नाही. स्तन हलकेच दाबा म्हणजे धार वाढते.

•

चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं धरून चाला. संध्याकाळी बाळ तासातासाला मागतं, तो दुधाचा तुटवडा नव्हे. त्या वेळी वरचं दिलं तर अंगावरची मागणी घटते आणि दूध खरंच कमी होतं. रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं, पोट भरलेल्या बाळाचंसुद्धा. भूक रडण्याआधीच दिसते: मान वळवणं, ओठ चाटणं, मूठ तोंडात घालणं.

झोपाळू बाळाची मात्र वाट बघू नका. जन्माचं वजन भरून येईपर्यंत तीन तासांहून जास्त झोपू देऊ नये. कपडे सैल करा, तळवे चोळा, उघड्या छातीशी धरा.

•

सहा महिन्यांपर्यंत पाणी नको, उन्हाळ्यातही. पोट पाण्याने भरतं, दूध कमी जातं आणि रक्तातलं सोडियम उतरतं.

•

बाळ उठवूनही उठत नाही, आठ तास शू नाही, डोक्यावरची टाळू खोल गेली आहे, किंवा ताप ३८ अंश सेल्सियस वा त्याहून जास्त आहे: यातलं एकही दिसलं तर पकड सुधारत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.